मोझेलबाईंच्या कबरीवरचे खडे

चौलच्या दत्ताच्या जत्रेला जायचं, तर चंद्राबाईंचा क्रम ठरलेला: आधी कीर्तन, मग दर्शन, आणि खाजं-शेव काय ती शेवटी. इतर लोक पायऱ्या चढून देवाला हात जोडतात आणि खाली येऊन पाळण्यात बसायला पळतात. चंद्राबाई मंडपात पहिल्या रांगेत मांडी ठोकायच्या, ते बुवांनी आरतीला उभं केल्याशिवाय उठायच्या नाहीत. थेरोंड्याच्या कोळीवाड्यात म्हणायचेच, एक वेळ भरतीची वेळ चुकेल, चंद्राबायचं कीर्तन चुकायचं नाही.

यंदा सूनबाईनं त्यात खोडा घातला. रचना म्हसळ्याची. शाळेत इतिहास शिकवणारी, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. मुलांची सहल काढायची तर जागा आधी बघून ठेवायला हव्यात, असं तिचं म्हणणं. आणि जागा कुठल्या, तर जुन्या कबरी.

"दत्ताच्या जत्रेला निघायचं न् वाटेत मसणवटा?" चंद्राबाई म्हणाल्या. "तुमच्या म्हसळ्याला अशी पद्धत हाय काय गो?"

"कीर्तन दुपारनंतर आहे आई. सकाळभर घरी बसून काय करणार?"

"सुकट निवडीन."

"सुकट काय, उद्या पण असेल. पण चारशे वर्षांपूर्वीचे दगड..."

"ते उद्या नसतील काय?" मिनीडोर रिक्षा पुसता पुसता भावेश मध्येच बोलला. चंद्राबाईंचा मुलगा, रचनाचा नवरा. रेवदंडा ते अलिबाग भाडं मारायचा. दोघी एकदमच त्याच्याकडे वळल्या, तसा तो गपचूप काच पुसायला लागला. आणि शेवटी निघाले तिघंही.

रेवदंड्याच्या कोटात माडांच्या वाड्यांतून आत गेलं की पडक्या चर्चच्या भिंती लागतात. तिथे गवतात मोठमोठे दगड आडवे पडलेत. कुठे ढाल कोरलेली, कुठे झिजलेली फिरंगी अक्षरं. रचना गुडघ्यांवर बसून एकेक अक्षर बोटानं चाचपत होती आणि चंद्राबाई मागून येऊन प्रत्येक दगडाला नमस्कार करत होत्या.

"आई, हे पोर्तुगीज सरदार. यांनी आपली देवळं पाडली."

"पाडली असतील. आता निजलाय ना तो? निजलेल्याशी कसलं भांडण."

एका दगडावर शेळी ऐसपैस बसली होती. "ऊठ गो बाय, खाली माणूस हाय," म्हणत त्यांनी तिला उठवलं आणि पदरानं लेंड्या झाडल्या. रचनाला हसू आलं. सासूचं हे तिला आवडायचं. समोर देव असो की धोंडा, बाईंचा हात आधी झाडायला जायचा, मग जोडायला. चाळीस वर्षं कीर्तनं ऐकून त्यांनी एवढं पक्कं केलं होतं, की सेवा करताना कुणाला विचारत बसू नये. विचारलं की सेवा राहून जाते.

नाक्यावर त्यांनी दत्तासाठी झेंडूचा हार घेतला, आणि मिनीडोर इस्रायल लोकांच्या, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंच्या, कबरस्तानाकडे वळली.

ते गावाबाहेर, सुरूच्या बनाला लागून. एके काळी या किनाऱ्यावर त्यांची घरं गावोगाव होती. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची. आता बहुतेक सगळे इस्रायलला गेले. फाटकाची चावी शेजारच्या वाडीत, कृष्णाजी गुरुजींच्या घरी. पुढच्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि त्यांच्याखाली खिळ्याला ती चावी. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. कबरस्तानाकडे लक्ष ठेवा असं त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण त्यांच्या वडिलांपासून ते चालत आलं होतं.

चावी घेऊन गुरुजींची नात आली. मैत्री, आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या.

"आत कशाला हात लावू नका हां," कुलूप काढता काढता ती म्हणाली. "आबा सगळ्यांना सांगतात."

"व्हय गो मोठे बाय!" चंद्राबाईंनी तिचा गाल ओढला. पोरगी लाजून उड्या मारत घरी गेली.

भावेश गाडीतच आडवा झाला. रचना थेट मागच्या टोकाला गेली, जिथे सर्वांत जुने, बिनअक्षरी दगड होते. चंद्राबाई एकट्याच कबरींमधून हिंडू लागल्या. प्रत्येकीवर वरच्या ओळी न समजणाऱ्या लिपीत आणि खाली सरळ मराठी. अक्षर लावत लावत त्या एका कबरीपाशी थबकल्या.

मोझेलबाई दानियल झिराडकर.

"अगो बाय माझे!" त्या मटकन खालीच बसल्या.

मोझेलबाईंच्या ओटीवर त्यांनी निम्मं आयुष्य मासळीची पाटी उतरवली होती. "आधी खवलं दाखव चंद्रा, मग भाव सांग." खवल्यांशिवायची मासळी त्या घरात चालायची नाही. कोलंबी, खेकडे, शिंपल्यांना मज्जाव. चंद्राबाई त्यांच्यासाठी रावस नाहीतर पालू बाजूला काढून ठेवायच्या. आणि पाटी रिकामी झाली की खरी गंमत. मोझेलबाई पेटी काढायच्या आणि कीर्तन करायच्या. हो, कीर्तन. त्यांच्या लोकांतही ते होतं. आख्यान त्यांच्या शास्त्रातलं, चाल आपली, भाषा आपली मराठी. भावांनी धाकट्या भावाला विहिरीत टाकलं, पुढे परदेशी व्यापाऱ्यांना विकलं, आणि म्हाताऱ्या बापाला सांगितलं की त्याला श्वापदानं खाल्लं, ते आख्यान त्या गायला लागल्या की चंद्राबाई मासळीच्या हातांनी डोळे पुसायच्या आणि त्या भावांना कोळीवाड्यातल्या ठेवणीतल्या शिव्या घालायच्या. "अगं हळू, आमचे पूर्वज आहेत ते!" मोझेलबाई हसून म्हणायच्या. मग घरातल्यांनी रेवदंडा सोडलं, अलिबागेत गेले. मोझेलबाई वारल्याचं चंद्राबाईंना पुष्कळ उशिरा कळलं. जाणं झालंच नाही.

आणि आता ही अशी भेट. कबरीवर काय अवकळा! सगळ्या दगडभर खडे, खडी, फुटके शिंपले. कुणी बघणारं नाही, चंद्राबाईंच्या मनात आलं. येणारंजाणारं फेकतं.

त्यांनी पदर खोचला. सुरूची वाळकी फांदी घेतली आणि झाडायला सुरुवात केली. न निघणारे खडे नखांनी उपटले आणि ओंजळी भरभरून करवंदीच्या जाळीत भिरकावले. बाटलीतलं पाणी ओतून दगड धुतला. नाव कसं लख्ख दिसायला लागलं. हळदीकुंकवाची डबी काढली, पण परत ठेवली. त्यांच्यात चालत नसेल. आपल्याला एवढं सुचलं, याचं त्यांना बरं वाटलं. दत्ताचा हार मात्र घातला. देवाला दुसरा घेता येईल.

"बाय गो, आता जरा नीट दिसतेस," त्या म्हणाल्या.

लांबून रचनानं हात हलवला. सासूबाई काहीतरी झाडतायत, एवढं तिला दिसलं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. मैत्री एका म्हाताऱ्याचा हात धरून आत आली. "सरळ जा दानियलकाका, आता डावीकडे," असं म्हणून तिनं त्याला कबरीजवळ आणलं. "आई बोलवतेय. जेवायला यायचंय आमच्याकडे, विसरू नका," म्हणाली आणि पळाली. म्हाताऱ्याच्या डोक्यावर गोल टोपी, हातात छत्री. तो कबरीच्या दिशेनं मान तिरकी करून उभा राहिला.

"कोण आहे तिथे?"

"मी काका. चंद्रा. थेरोंड्याची."

"खवलंवाली चंद्रा!" दानियलकाकांचा चेहरा उजळला. "आवाज अजून तस्साच गं, अख्ख्या आळीला उठवणारा. मला दिसत नाही हो आता. उजेड तेवढा कळतो. बाकी सगळं हातावर."

ते वाकले. हात दगडावर आला. हार लागला.

"फुलं?"

"मी घातली."

"झेंडूचा वास तिला सोसायचा नाही," ते हसले. "पण तू घातलीस, तर घेईल."

हात पुढे सरकला. थांबला. परत मागे आला. मग दोन्ही हात दगडाच्या कडेकडेनं फिरले, वर, खाली, पुन्हा वर. हसू हळूहळू मावळलं.

"खडे कुठे गेले?"

"कसले खडे, काका?"

"आमच्यात फुलं नसतात चंद्रा. जो येईल त्यानं एक खडा ठेवायचा. येऊन गेलो, विसरलो नाही, एवढंच सांगायला. मुलगी इस्रायलहून येते, ती ठेवते. नातवंडांनी शिंपले ठेवलेत. आणि इथे डोक्याशी आमच्या मुलाचा, सॅमचा होता. तो बोटीवर, तुला आठवत असेल. माझ्याशी भांडून गेलेला. आई गेल्यावर एकदाच आला. कुठल्याशा बंदरातून काळा दगड आणला होता. अंगठा बसेल असा खळगा त्याला. ठेवला आणि माझ्याशी न बोलता गेला. पुढे बोटीवरूनच नाहीसा झाला. तुम्हा लोकांना काय सांगायचं, समुद्रात गेलेल्याला कबर नसते. मी इथे यायचो ते दोघांना भेटायला. रविवारी मुलगी नेतेय मला तिकडे. आज शेवटचं. म्हटलं, त्या खळग्यात एकदा अंगठा ठेवावा."

चंद्राबाईंच्या नखांत अजून माती होती. जाळी दहा पावलांवर होती. 'मी' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तोंडातून बाहेर पडलं, "पावसानं गेलं असतील."

"पावसानं? दिवाळीनंतर मी आलो होतो की. होते सगळे."

"मग पोरांनी फेकलं असतील. ही शेजारची. खेळत असतात इथं."

बोलून गेल्या. समोरून पाटी उचलून डोक्यावर ठेवावी, इतकं सहज.

"मैत्री?" काका म्हणाले. त्यांचा चेहरा अचानक फार म्हातारा झाला. "नाही गं. ती पोरं तसं नाही करत."

"म्हणजे मी काय डोळ्यांनी बघितलं नाय..."

मागे पाचोळा वाजला. रचना येऊन उभी होती. तिनं एकदा ओल्या दगडाकडे बघितलं, एकदा सासूच्या हातांकडे, आणि मान खाली घातली.

बाहेर भावेशनं भोंगा वाजवला. "आई! पहिली रांग जाईल!"

चंद्राबाई निघाल्या. काकांच्या पाया पडल्या, काहीतरी पुटपुटल्या आणि निघाल्या. चौलच्या अलीकडे भावेशनं आरशातून बघत विचारलं, "काय, दोघींचं वाजलं काय?" चंद्राबाई नखांतली माती काढत राहिल्या.

जत्रा मात्र अशी भरली होती, की बघत राहावं. खाज्याचे डोंगर, पाळण्यांचा करकराट, टेकडीवर भगव्या पताका. मंडपात पहिल्या रांगेत जागा मिळाली. टाळ वाजले, मृदंगावर थाप पडली, बुवांनी नामाचा गजर सुरू केला आणि शेकडो हात एका ठेक्यात पडू लागले. चंद्राबाईंनीही हात उचलले. पण टाळी पडताना तळव्यात काहीतरी टोचलं. खड्यांची बारीकशी कच होती. त्यांनी ती काढली. पुन्हा टाळी वाजवली. पुन्हा टोचलं. तळवा बघितला तर काही नव्हतं.

बुवा रंगात आले होते. मध्येच थांबून विचारायचे, "काय मंडळी, खरं की खोटं?" आणि मंडप गरजायचा, "खरं!" दर वर्षी त्यात चंद्राबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आज त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. समोर बुवा दत्ताचा महिमा सांगत होते आणि कानात वाजत होती मोझेलबाईंची पेटी. म्हाताऱ्या बापापुढे मुलगे उभे. हातात रक्तात बुडवलेला अंगरखा. श्वापदानं खाल्लं हो बाबा, आम्ही नाही. आम्ही तर शोधत होतो. इतकी वर्षं त्या भावांना आपण काय काय बोललो! आणि वेळ आली तेव्हा आपलं श्वापद किती पटकन सापडलं. दोन वेण्यांचं. जेवायला यायचंय, विसरू नका म्हणणारं.

बुवांनी उत्तररंगाला हात घातला, आणि चंद्राबाई उठल्या.

मागच्या बायका बघतच राहिल्या. "चंद्राबाय, बरं नाय काय?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "बरं न्हाय."

रचना बाहेर खांबाला टेकून उभी होती, जणू वाटच बघत असावी. "आई, मला ठाऊक होतं ते खड्यांचं," ती हळूच म्हणाली. "पण मी तिकडे लांब होते. आणि नंतर तिथे मला बोलता आलं नाही."

"तुझं काय त्यात? तू सून. मी तोंड उघडायला हवं होतं." त्यांनी चपला शोधल्या. "भावेशला बोलव."

भावेश वडापाव हातात घेऊन आला. "कीर्तन अर्ध्यात? आई, तू?"

"गाडी काढ."

कबरस्तानाचं फाटक उघडं होतं. दानियलकाकांना कुणीतरी घरातून खुर्ची आणून दिली होती. त्यांच्याजवळ पांढऱ्या सदऱ्यातले कृष्णाजी गुरुजी, आणि समोर मैत्री. डोळे रडून लाल. झग्याच्या ओच्यात तिनं खडे गोळा केले होते आणि गुरुजी एकेक खडा काकांच्या हातात देत होते. काका अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "हा नव्हे."

"मी हिला एवढंच म्हणतोय," गुरुजी काकांना सांगत होते, "की खरं बोल. खरं बोललीस तर रागावणार नाही."

"खरंच सांगतेय आबा! किती वेळा सांगू!"

"जाऊ द्या हो गुरुजी," काका म्हणाले. "उगीच विचारलं मी."

"गुरुजी," चंद्राबाई फाटकातूनच बोलल्या. "पोरीला काय बोलू नका. खडे मी फेकलं. मला घाण वाटली. झाडून जाळीत टाकलं. आणि काकांना पोरांचं नाव सांगितलं, ते पण मीच."

गुरुजींनी हातातला खडा खाली ठेवला. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"चूक कुणाच्याही हातून होते, चंद्राबाई. पण नाव सापडायला तुम्हाला वेळ नाही लागला. आमचंच सापडलं."

चंद्राबाईंनी मान वर केली नाही. त्या काकांच्या पायांशी बसल्या. "काका, मी..."

"माझ्याकडे नको, चंद्रा." काकांनी पाय मागे घेतले. "आधी तिच्याकडे जा."

चंद्राबाई उठून मैत्रीसमोर गेल्या. देवासमोर जोडतात तसे हात जोडले. पोरगी बावरून आजोबांकडे बघायला लागली. मग तिनं नाक ओढलं आणि विचारलं, "मी सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून?"

"व्हय बाय. सांगितलं होतंस."

"मग माझं नाव कशाला घेतलं?"

चंद्राबाईंनी उत्तर शोधलं. इतकी कीर्तनं ऐकली होती, इतके दृष्टान्त, पण एकही कामाला येईना.

"सोपं होतं, बाय," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझं नाव घेणं सोपं होतं."

मैत्रीला ते कळलं की नाही कोण जाणे. गुरुजींना कळलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

मग सगळेच जाळीत शिरले. करवंदीचे काटे, खाली खडी, मुरूम, शेकडो खडे. भावेशनं काठीनं फांद्या धरल्या, रचनानं पाचोळा उपसला. नातवंडांचे शिंपले मिळाले. मुलीचा एक पांढराशुभ्र गोटा मिळाला. काळे दगडही मिळाले, पण कोकणात काळ्या दगडांना काय तोटा. प्रत्येक वेळी काकांचा अंगठा फिरायचा आणि तोच शब्द यायचा. हळूहळू तो शब्द म्हणायचंही त्यांनी सोडलं. नुसती मान हलवायचे.

उन्हं उतरली. काकांना अलिबागेची एसटी गाठायची होती. "मी सोडतो ना अलिबागपर्यंत," भावेश म्हणाला, तेव्हा ते उठले. कबरीपाशी गेले. खिशातून एक साधा, बिनखळग्याचा खडा काढून डोक्याशी ठेवला. मग चाचपून झेंडूचा हार जरा बाजूला सरकवला. फेकला मात्र नाही.

"काका, मी रोज येऊन शोधीन," चंद्राबाई म्हणाल्या. "सापडला की लगेच फोन करीन तुम्हाला. तिकडे पण लागतो ना फोन?"

"शोध. सापडला तर इथे ठेव." काका मैत्रीच्या खांद्यावर हात ठेवून वळले. "पण फोन नको करूस, चंद्रा. तू सापडला म्हणालीस, तर ते खरं की खोटं, मला आता कळायचं कसं?"

रागानं नव्हते बोलत. खरंच विचारत होते. मिनीडोर सुरू झाली, वळणावर तिचा आवाज सुरूत मिसळून गेला.

गुरुजी खुर्ची उचलून घरी गेले. जाताना एवढंच म्हणाले, "चावी रचनाबाईंकडे ठेवतो. निघताना आणून द्या." चंद्राबाईंकडे बघितलं नाही.

चंद्राबाई पुन्हा जाळीत शिरल्या. गुडघ्यांवर बसून मातीतून हात फिरवू लागल्या. अंधारून येत होतं, डोळ्यांचा उपयोग कमी होत चालला होता. काकांसारखंच, सगळं हातावर.

वारा फिरला आणि चौलच्या बाजूनं भोंग्यावरचा गजर ऐकू आला. कीर्तन संपलं होतं. मंडप आरतीला उभा राहिला असेल. आरतीचा सूर कानावर पडला आणि चंद्राबाई बसून राहिल्या, असं आजवर कधी झालं नव्हतं. घरात, बाजारात, होडीवर, जिथे असतील तिथे उभ्या राहून हात जोडायच्या. रचना सवयीनं उभी राहिली आणि सासूकडे वळली.

चंद्राबाई उठल्या नाहीत. त्यांचे हात मातीतच होते.

पाचोळा वाजला. मैत्री परत आली होती. अंतर राखून उभी राहिली, मग हात लांब करून एक काळा दगड पुढे धरला.

"हा का?"

चंद्राबाईंनी तो घेतला. अंगठा फिरवला, एका बाजूनं, मग दुसऱ्या. सपाट होता.

"न्हाय, बाय," त्या म्हणाल्या. "हा न्हाय."

मैत्रीनं मान डोलावली आणि जाळीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. तिथला पाचोळा ती हातानं सारू लागली.